उंदराचं यकृत

छप्पन साली सौंसरच्या गणेशोत्सवात गणपतीपेक्षा उंदीरच जास्त गाजला आणि त्याचा सगळा ताप केसरबाईंच्या घरी आला.

झालं असं, की शाळेतल्या हेमंत मास्तरांनी मंडपात शास्त्रावर व्याख्यान दिलं. परदेशात कुणी म्हणे उंदराचं दोन तृतीयांश यकृत कापून काढलं. तर उरलेल्या तुकड्यातल्या पेशी जाग्या झाल्या, भराभर प्रथिनं तयार करू लागल्या, एकीच्या दोन झाल्या आणि थोड्याच आठवड्यांत यकृत होतं तेवढं झालं! "माणसाचंही तसंच असणार," मास्तर म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेत केसरबाईंचे यजमान भगवंतराव बसले होते. कापसाचे व्यापारी आणि मोहाच्या दारूचे जुने भक्त. यकृत सुजलंय, आता थेंब घ्याल तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी दरडावल्यापासून उन्हाळाभर त्यांनी बाटलीला हात लावला नव्हता. व्याख्यानाहून आले ते बाटली घेऊनच.

"लिव्हर उगवते म्हनते मास्तर! तू कायले भिऊन राहिली?"

चार दिवस बाटली उघडीच राहिली, तेव्हा केसरबाईंनी मास्तरांचं घर गाठलं.

"मास्तर, दारूनं खराब झालेलं बी उगवते का?"

मास्तर चष्मा पुसू लागले. "तसं नाही, बाई. वर्षानुवर्षं दारू पडली की यकृतात वण पडतात, मग वाढ खुंटते. तो उंदीर निरोगी होता."

"मंग आज मंडपात एवढं सांगा ना."

पण मास्तरांची पंचाईत होती. त्यांचा उंदीर पुढाऱ्यांनी पळवला होता. नोव्हेंबरात राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर नागपूरपासून तुटून भोपाळच्या पदरात पडणार, म्हणून गाव हळहळत होतं. त्यावर पुढारी रोज सांगत होते, घाबरू नका, कापलेलं पुन्हा उगवतं, हे शास्त्रच आहे! शेजारच्या रामाकोना गावापर्यंत उंदराचा जयजयकार चालला होता आणि समारोपाला मास्तरांना शाल मिळायची होती.

"शाल होऊ द्या, मग सांगतो," मास्तर म्हणाले. "आत्ता सांगितलं तर लोकांचा धीर जाईल."

केसरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एका शालीपायी हा शिकलेला माणूस त्यांचं कुंकू पुसायला निघाला होता. त्या तडक घरी आल्या. भगवंतराव पेला भरून बसलेच होते.

"उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊन राहिलो आपन," त्या म्हणाल्या. "सर्जनकडं. उंदराचं अगोदर कापलं, मंगच उगवलं. तुमचं बी कापून घेऊ."

भगवंतराव खो खो हसले. केसरबाईंनी त्यांचं धोतर घडी करून पिशवीत घातलं, मग सदरा घातला, तसं ते हसू ओसरलं.

"अवं, पन उंदीर कुठं दारू पेते?"

मास्तरांनी मंडपात जे बोलायचं टाळलं, ते भगवंतरावांच्याच तोंडून निघालं होतं. त्यांनी पेला खाली ठेवला.

केसरबाईंनी बाटली अंगणात रिकामी केली. त्यांना फार बरं वाटलं. मग मागं वळल्या, तर दारातल्या उन्हात भगवंतरावांचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले.

"आता सोडली, त लिव्हर उगवन का व?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

मास्तरांनी सांगितलेलं सगळं केसरबाईंना शब्दन् शब्द आठवत होतं.

"उगवन," त्या म्हणाल्या. त्यांचा धीर जाऊ नये म्हणून.