किदोंगची बॅटरी

"जुनी बॅटरी नवीच्या जोडीला लावायची नसते, वहिनी," हाकसू पुन्हा म्हणाला. "मीटरवर भरलेली दिसते, पण भार पडला की बसते. आणि एक बसली की दोघींचं काम संपलं."

"ती ह्यांची आहे," मालसुन म्हणाली. "ह्यांना आणायला परक्याची नेऊ होय, भावोजी?"

वहिनीपुढे हाकसूचं आजवर कधी चाललं नव्हतं, ते आज कुठून चालणार! धरणाच्या तलावाचं पाणी शहराला प्यायला जातं, म्हणून इंजिनाला बंदी आणि बॅटऱ्यांचा हा खटाटोप. नवी बॅटरी त्याने होडीच्या नाळेत, अगदी पुढे ठेवली, भावाची मागच्या फळीखाली. एकीचं लाल टोक दुसरीच्या काळ्या टोकाला आखूड वायरीने जोडलं, उरलेली दोन टोकं मोटरीला दिली आणि वर ग्रीस थापलं.

मोटर गुणगुणली तशी मालसुनने कान झाकले. वसंतात तिच्या नवऱ्याची, किदोंगची, रिकामी होडी दिसली तेव्हा मोटर अशीच गुणगुणत होती आणि होडी एका जागी गोल गोल फिरत होती. किदोंग मात्र सापडला नाही. तेव्हापासून तो आवाज तिला भाताच्या कुकरमध्ये ऐकू यायचा, उशीत ऐकू यायचा. देह नाही तर नाही, निदान त्याचा जीव तरी त्या गार पाण्यातून घरी यावा, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून मेलेल्यांचे जीव बोलावणाऱ्या मुदांगबाईला आणलं होतं. म्हातारी पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली पितळी वाटी मांडीवर घेऊन बसली होती. वाटीत तांदूळ, वर झाकण, कपड्याला लांब दोरी. बुडालेला माणूस या वाटीबरोबर वर येतो आणि खूण म्हणून तांदळात एक केस ठेवतो, हे त्या काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वाटी वर्षातून एकदाच सोडायची.

भर दुपारीही पाण्यावर धुकं होतं. किदोंग जिथे बुडाला ते पाण्यात घुसलेलं, पाइनच्या झाडांचं जमिनीचं टोक समोर दिसायला लागलं आणि मोटर घरघरून थांबली.

"बसली!" हाकसू वैतागला. "ऐकाल तर शपथ!"

त्याने वल्हं उचललं, पण वाऱ्याने होडी भलतीकडेच लोटली, कित्येक वर्षांपूर्वी धरणात बुडालेल्या जुन्या गावाच्या अंगाला. तेवढ्यात मुदांगबाईच्या अंगात आलं. डोळे फिरवून तिने वाटी पाण्यात फेकली.

"इथे नाही! त्या टोकापाशी!" मालसुन ओरडली. पण अंगात आलेल्या बाईला कोण अडवणार? दोरी सरसर खाली गेली, आणि मग खालून हिसका बसला.

"मासा असेल," हाकसू म्हणाला.

वाटी वर आली तेव्हा कपड्याच्या गाठी जशाच्या तशा होत्या. मालसुनने झाकण काढलं. तांदळात एक केस होता, काळाभोर आणि हातभर लांब. म्हातारीचे केस पांढरे, मालसुनचे आखूड आणि कुरळे. किदोंगचं टक्कल तर लग्नाच्या फोटोतही चमकत होतं.

"कुठली कोण बाई! फेका तो, वहिनी," हाकसू पुटपुटला. "घरात घेऊ नका."

"फेकलास तर ती परत खाली जाईल," मुदांगबाई भानावर येत म्हणाली. "तुझं तू ठरव, पोरी. वाटी मात्र आता पुढच्या वर्षीच."

मालसुनला रडूही आलं आणि रागही आला. किदोंगवर, म्हातारीवर, सगळ्यात जास्त स्वतःच्या हट्टावर. केस बोटाला गुंडाळून तिने हात पाण्यावर धरला. खालून कुणीतरी वर बघतंय असं तिला वाटत राहिलं. मग तिने केस परत तांदळात ठेवला, झाकण लावलं आणि पाइनच्या टोकाकडे तोंड करून म्हणाली, "अहो, तुम्ही जरा थांबा. तुम्हाला न्यायला मी आहे. हिला न्यायला इतक्या वर्षांत कुणी आलंच नाही."