सहा नंबरचं झाकण

दार उघडल्याबरोबर वास अंगावर आला. जुन्या रंगाचा डबा उघडल्यावर येतो तसा, त्यात ओल्या पोत्याची आणि कुठंतरी मेलेल्या उंदराची भर. मी दोन पावलं मागे सरले. मामा सरळ आत गेला, दिवा लावला आणि फळ्यांकडे हात करून म्हणाला, "बघून घ्या, प्रोफेसर. सहा महिने हलायला नको."

मामाने तीस वर्षं लिफ्टची देखभाल केली. लहानपणी एका टंचाईत त्याने नऊ दिवस गुरांची पेंड उकडून खाल्ली होती. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते मागची खोली भरायचं. फळ्यांवर पत्र्याची पिंपं, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर, चौदापर्यंत. खाली तेलाचे आणि दूध पावडरचे डबे, कोपऱ्यात माशांच्या बंद डब्यांची रास. प्रत्येक पिंपाला दोरीने एक कार्ड टांगलेलं, लिफ्टच्या मशीनपाशी असतं तसं: तारीख, तपासणी, शेरा, सही.

पाच दिवसांपूर्वी दरड कोसळून पूल वाहून गेला होता. पहिल्याच दिवशी अख्खी वस्ती दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली. मामाने आम्हाला जाऊ दिलं नाही. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दोन लहान मुलांना घेऊन निघाल्या होत्या, त्यांनाही त्याने जिन्यातूनच माघारी पाठवलं. माझ्याकडे आहे ना, म्हणाला. आता दुकानांत साबणाखेरीज काही उरलं नव्हतं, रस्ता व्हायला अजून दहा दिवस लागणार होते आणि मामीच्या स्वयंपाकघरात दोन वाट्या तांदूळ होते. बाईंकडे तेवढेही नव्हते. माझं शिक्षण अन्नातल्या सूक्ष्मजीवांचं, म्हणून कोठार उघडायचा मान मला मिळाला.

एक नंबरमध्ये तांदूळ. वरून ठीक दिसले. मी कोपरापर्यंत हात घातला आणि आत ऊब लागली. धान्यात किडे दाटले की ते तापतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. एखाद्या जनावराच्या पोटात हात गेल्यासारखं वाटेल हे कुठं लिहिलेलं नव्हतं. हात बाहेर काढला तर त्यावर करडी पूड होती आणि पूड चालत होती. बोटांना चिकट जाळं लागलेलं, त्यात तांदळाचे गोळे लटकलेले, एका गोळ्यातून पांढरी अळी डोकं काढून इकडेतिकडे बघत होती. मी हात झटकला. दोन-तीन किडे मामाच्या चष्म्यावर बसले.

"चाळलं की झालं," मामा म्हणाला.

दोन नंबरचं पीठ ढेकळांचं झालं होतं. एक ढेकूळ फोडलं, तर आत अळ्यांनी घर थाटलेलं. चार नंबरच्या शेंगदाण्यांवर हिरवट बुरशीची लव होती. दूध पावडरची तपकिरी वीट झाली होती, ती डब्यातून निघेना. तेल बोटाला चिकटलं ते सुटेना, जणू व्हार्निश. माशांचे डबे दोन्ही बाजूंनी फुगले होते आणि सगळ्यात खालचा फुटून त्यातून जे वाहिलं होतं ते फरशीवर वाळलं होतं. पूर्ण वाळलं नव्हतं. त्याखाली काय हलत होतं ते मी एकदाच पाहिलं. मग मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

तीन वर्षांपूर्वी मामाला हवेतला प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या मीच आणून दिल्या होत्या. पुडी टाक, झाकण ठोक, मग हात लावू नकोस, असं बजावलं होतं. प्राणवायू नाही म्हणजे किडे जगत नाहीत, तेलकट गोष्टी खवट होत नाहीत. फार सोपं आहे. मी विचारलं, ही शेवटची कधी उघडली होतीस?

"एक तारखेला. दर महिन्याच्या एक तारखेला उघडतो. न उघडता ठेवलेलं मशीन दगा देतं, प्रोफेसर."

सगळी चौदा? सगळी चौदा, म्हणाला. झाकण काढायचं, तळापर्यंत हात घालायचा, ढवळायचं, वास घ्यायचा, झाकण लावायचं. तीन वर्षं दर महिन्याला त्याने प्रत्येक पिंपात ताजी दमट हवा भरली होती आणि सगळ्यांतून एकच हात फिरवून किड्यांना या घरातून त्या घरात पोचवलं होतं. मी कार्डं पाहिली. या महिन्याचाच शेरा: रंग ठीक, वास ठीक. खाली त्याची वळणदार सही.

वास ठीक.

मी दूध पावडरचा डबा उचलला आणि त्याच्या नाकाशी धरला. कसा आहे म्हणून विचारलं.

"दुधाचा," तो म्हणाला. पण आधी त्याने डब्यावरचं चित्र पाहिलं होतं.

दारात मामी नाकाला रुमाल लावून उभी होती. "अहो, सांगून टाका आता तिला," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं होतं. भांडं करपून घरभर धूर झाला तरी हा शेजारी बसून पेपर वाचत होता, त्या दिवशी मामीला कळलं. खोलीची किल्ली मात्र त्याच्या खिशात असे. वास बाहेर यायचा तेव्हा तिला वाटायचं, आत उंदीर मेला असेल. "तोही मेलेला असणारच," ती म्हणाली.

न बघता कार्डावर सही केली म्हणून मामाने दोन मदतनीस कामावरून काढले होते. ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत होतो.

तो चाळणी शोधू लागला. धुऊन, चाळून, दोनदा उकळून घेऊ, आपण पेंड खाऊन जगलोय, असं पुटपुटत होता. मी सांगितलं की उकळल्याने अळी मरते, बुरशीने सोडलेलं विष मरत नाही. त्याने ऐकलं नाही. मग मी तांदळाचा एक लटकता गोळा उचलून त्याच्यासमोर धरला.

"खालच्या मुलांना हे वाढशील?"

त्याने चाळणी खाली ठेवली आणि उलट्या बादलीवर बसला. मग उठून एकेक कार्ड काढू लागला. सहा नंबरचं काढताना त्याने ते उलटं धरलं, म्हणून मला संशय आला. मी ते त्याच्या हातातून घेतलं. त्यावर छत्तीस महिने एकच शेरा होता: झाकण जाम, दुरुस्ती बाकी.

पिंप मागच्या फळीखाली ढकललेलं होतं. झाकण लावतानाच त्याची कडी वाकली होती आणि ती काही त्याच्याने सुटली नाही. तीस वर्षं अडकलेली दारं उघडणाऱ्या माणसाला याची इतकी लाज होती की त्याने त्यावर पोतं टाकलं होतं. ते काय बघायचं, म्हणाला, त्याची एकदाही तपासणी झालेली नाही.

पुडीने आतला प्राणवायू शोषल्यामुळे झाकण आत खेचलं गेलं होतं. मी त्याला छिन्नी आणायला लावली. पत्रा फुटला तेव्हा हवा सूं करून आत गेली. आत सुके वाटाणे होते. पांढऱ्या चादरीवर ओतले तर टणटण वाजले. मी आणि मामी तासभर निवडत बसलो. एक किडा नाही, एक जाळं नाही. एक दाणा दाढेखाली धरला तर कट्‌कन दोन तुकडे झाले. सहा जणांना दहा दिवस, कंटाळा येईपर्यंत पुरणार होते.

मामाने हत्यारांच्या पेटीतून "बंद आहे" अशी लिफ्टची जुनी पाटी काढून त्या खोलीच्या दाराला लावली.

वाटाणे रात्रभर भिजवले. जुने असल्यामुळे दुसऱ्या दिवशी शिजायला तीन तास लागले. तोवर मी चार वेळा अंघोळ केली होती, तरी कोपराच्या वळीत काहीतरी चालत होतं. पातेल्यात वाटाण्यांची सालं सुटून वर आली होती, पांढरी, वळलेली. मी मान फिरवली.

मामाने ताटाला हात लावला नव्हता. "वास कसा येतोय?" त्याने मला विचारलं.

मी वाकून वास घेऊन पाहिला. खरं सांगायचं तर नाकात अजून ती खोलीच होती. मी म्हटलं, मला कळत नाहीये, माझं नको धरूस.

तो मामीकडे वळला. तिने पातेल्यावर वाकून वाफ आत ओढली.

"वाटाण्यांचा," ती म्हणाली. "दुसरा कसला येणार?"

मामाने खिशातून सहा नंबरचं कार्ड काढलं, तारीख घातली, "वास ठीक" लिहिलं आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. तिने सही केली. मग तो पातेलं फडक्यात धरून खाली बाईंकडे गेला.