अकरा बटणांचा समुद्र

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात चांगली खिडकी मशीनची असते. तिथं देव्हारा नसतो, टीव्ही नसतो, नवऱ्याची खुर्ची तर नसतेच नसते. उस्मानपुऱ्यातल्या शीलाच्या घरातही सव्वीस वर्षं हाच कायदा होता. पूर्वेची खिडकी, खिडकीखाली मशीन, मशीनपुढं शीला. सुईत दोरा ओवायला तिला अजून चष्मा लागत नव्हता आणि त्याचं सगळं श्रेय ती त्या खिडकीला द्यायची.

त्यामुळं दिवाळी उरकल्यावर एका सकाळी तिनं स्वतःच्या हातानं मशीन ओढत आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं, तेव्हा तिचा नवरा अजिनाथ दात घासता घासता थांबला.

"आता इथं काय मांडतेस?"

"समुद्र," शीला म्हणाली.

अजिनाथ एस.टी.त कंडक्टर. कन्नडच्या गाडीवर त्याची वीस वर्षं गेली. साऱ्या गाडीला 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून हलवणारा माणूस, पण घरात बायकोला एक इंच सरकवायची त्याची टाप नव्हती. तो तोंड धुऊन आला आणि नीट बसून म्हणाला, "बरं, सांग."

तर गोष्ट अशी होती. सुलेखा मॅडम कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या आणि ब्लाउज शीलाकडंच शिवायच्या. दसऱ्याच्या आधी शीला मापं घ्यायला त्यांच्या घरी गेली, तर हॉलमध्ये काचेची पेटी, पेटीत पाणी, आणि पाण्यात दगडावर हिरवी, केशरी, जांभळी फुलं डुलत होती. शीला बघतच राहिली. टेप मॅडमच्या छातीभोवती, डोळे पेटीत आणि माप गेलं उडत. मॅडम हसून म्हणाल्या, "शीलाताई, ती फुलं नाहीत बरं का, प्राणी आहेत. प्रवाळ. समुद्रातून ओरबाडून आणलेले नाहीत, माझ्याच पेटीत वाढलेत. पाणी खारं लागतं, ऊन लागतं आणि धीर लागतो."

शीलानं समुद्र पाहिला नव्हता. दोनदा जायचं ठरलं आणि दोन्ही वेळा लग्नसराई आडवी आली. दुसऱ्यांच्या नवऱ्या नटवता नटवता तिचं आपलं राहूनच गेलं. घरी येताना रिक्षात तिच्या डोळ्यापुढून ती फुलं हलेनात. मला पण पाहिजे, असं तिला वाटलं. सासरी गेलेल्या पोरीसाठी नाही, नवऱ्यासाठी नाही, मला. असं तिला कित्येक वर्षांत वाटलंच नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त गंमत वाटली. पुढच्या खेपेला मॅडमशी सौदा झाला. चार ब्लाउज शिवायचे आणि त्या बदल्यात प्रवाळाचा एक तुकडा घ्यायचा.

अजिनाथनं सगळं ऐकून घेतलं. "अन् मशीन अंधारात? डोळे फोडून घेशील. हे बघ, गुढीपाडव्यापर्यंत मुदत. पाडव्याच्या सकाळी तुझी फुलं उघडी दिसली, तर खिडकी कायमची तुझ्या समुद्राची. नाय दिसली, तर मशीन परत खिडकीत अन् पेटी भंगारात."

"कबूल," शीला म्हणाली. आणि टेप घेऊन खिडकी मोजायला लागली.

मग तिनं काय काय केलं, विचारू नका. पेटी काचवाल्याकडून करून घेतली, तीही कुठल्याशा दुकानाच्या शोकेसच्या उरलेल्या काचेची. पाणी फिरवायची बोटभर मोटर मॅडमनं त्यांची जुनी दिली. पाण्याचं खारेपण दाखवणारा काटाही त्यांनीच दिला. काटा हिरव्या पट्ट्यात राहिला म्हणजे ठीक. समुद्री मिठाची पिशवी पार्सलनं आली. घरचं मीठ चालत नाही, नळाचं पाणी तर अजिबातच नाही, त्यात औषध असतं. म्हणून जारचं पाणी आणून त्यात मीठ कालवलं, पेटी भरून उरलेलं पेटीखाली बादलीत ठेवलं. मीठही निम्मंच वापरलं. उरलेली पिशवी तिनं अस्तर कापून उरलेल्या कत्तरांखाली डब्यात ठेवून दिली. सगळं कापड एकदम कापायचं नाही, हा तिचा नियम होता.

महागडा दिवा घेण्याऐवजी तिनं ऊनच वापरायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात उघडं ऊन लागून काचेवर तपकिरी शेवाळ धरलं. शीलानं जुन्या टूथब्रशनं ते घासलं आणि खिडकीला ब्लाउजच्या अस्तराचा पडदा लावला. एक पदर लावून बघितला, मग दुसरा जोडला. सकाळी दोन पदर, दहानंतर तीन. गिऱ्हाइकांना मापात बसवता बसवता तिनं उन्हालाही मापात बसवलं.

आणि मग दोन महिने काहीच नाही. पाणी पिकावं लागतं म्हणे, जिवांना मानवेल असं मुरावं लागतं. पेटीत चार दगड, पाणी, बास. शेजारचा इस्त्रीवाला गोकुळ रोज खिडकीतून डोकावायचा. "वहिनी, दगड जेवले का?" सगळ्या गल्लीला तेवढंच निमित्त झालं. शीला हसण्यावारी न्यायची, पण मग तिनं पेटीविषयी बोलणंच सोडलं. कुणी विचारलं तर "आहे आपलं कायतरी" म्हणून मान खाली घालायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढं नडलं ते हेच.

फेब्रुवारीत मॅडमनी तुकडा दिला. अंगठ्याएवढ्या दगडावर अकरा बोंडं, मिटलेली, मातकट. शीलानं मोजून घेतली. पाचव्या दिवशी सकाळी ऊन पडद्यातून पाण्यात उतरलं आणि तिच्या देखत एक उघडलं. मग दुसरं. मग सगळीच. मध्ये हिरवा ठिपका, भोवती केशरी झालर, अगदी ब्लाउजला शोभतील अशी बटणं. शीला एकटीच घरात मोठ्यानं हसली. अजिनाथ ड्यूटीवरून आला, चप्पल न काढता पेटीपुढं उकिडवा बसला आणि पंधरा मिनिटं उठला नाही. "हाय बुवा," एवढंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना तो बायकोला 'येतो' म्हणायच्या आधी पेटीकडं बघायला लागला.

पाडव्याला पंधरा दिवस राहिले आणि पिशोरहून त्याची आई आली. वच्छलाबाई. गुडघे दाखवायचे होते आणि सणही इथंच करायचा होता. बाईचा जन्म मेंढरांमागं गेलेला. आवाज असा, की हाक मारली तर दोन शेतं पलीकडचा माणूस वळून बघेल. मन मोकळं आणि हात तर कधी रिकामा नाही. बसून खाणं तिला पाप वाटायचं.

आता आपल्या शहरात पाण्याचा दिवस काय असतो, हे मी सांगायला नको. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो, आणि आला की लहानथोर सगळे पळतात. शिळं पाणी ओतायचं, भांडी विसळायची, ताजं भरायचं. पिंप, हंडा, बादल्या, कळशी, वेळ पडली तर कुकरसुद्धा. शिळं पाणी घरात ठेवून ताज्याला जागा न देणारी बाई म्हणजे आळशी, हा साऱ्या गल्लीचा दंडक.

त्या दिवशी शीला बटणं-हूक आणायला गुलमंडीच्या बाजारात गेली होती आणि नळ वेळेच्या आधीच आला. वच्छलाबाई एकटी घरात. तिनं पदर खोचला आणि घर भरायला घेतलं.

शीला परत आली तेव्हा दारापुढचा ओटा उन्हात वाळला होता, आणि वाळून पांढरा पडला होता. रांगोळी सांडल्यासारखा. शीला वाकली, बोट टेकवलं, जिभेला लावलं. खारट.

तिच्या हातातली पिशवी गळाली. आत धावली तर पेटीखालची खाऱ्या पाण्याची बादली नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. पेटीही काठोकाठ, लख्ख. आणि अकराच्या अकरा बटणं गच्च मिटलेली.

"आत्याबाई! ह्याच्यातलं पाणी काढलं का तुम्ही?"

"निम्मंच काढलं बाई, हात पुरंना," वच्छलाबाई कौतुकाची वाट बघत म्हणाली. "किती दिसाचं शिळं पाणी ते! वासबी खारा येत व्हता. त्यानं ओटा धुतला. देवापुढच्या तांब्यातलं पाणी रोज बदलतो आपुन, मंग ह्या मुक्या जिवांचं का नाय?"

शीलाला इतका राग आला, इतका राग आला, की ती कोपऱ्यात जाऊन मशीनवर बसली आणि कापड न लावताच पायडल मारत राहिली. नुसती सुई वरखाली. वच्छलाबाई दारात उभी. तिला चूक कळली नव्हती, पण सुनेचं तोंड कळलं होतं.

"माझ्या हातनं कायी वंगाळ झालं का?"

"मरतील ती, आत्याबाई. त्यांना खारंच पाणी लागतं."

म्हातारी पेटीपाशी जाऊन बसली. बारीक आवाजात म्हणाली, "मंग मला सांगायचं व्हतं की गं, शीले. पिशोरात मी रोज फोनवर इचारायची, काय पाळलंय, काय पाळलंय. तू म्हनायची, हाय आपलं कायतरी."

शीलाचा पाय थांबला. खरंच होतं. लोक हसतात म्हणून तिनं आपल्या आवडीची गोष्ट चोरून ठेवली होती, आणि चोरून ठेवलेल्या गोष्टीची राखण करणार कोण? तिचा राग तिथंच निवला. उरली ती नुसती भीती.

तिनं मॅडमना फोन लावला. काटा हिरव्या पट्ट्यातून पार खाली पडला होता. मॅडम आधी नळाच्या औषधावरचा उतारा म्हणून कुठले थेंब घालायचे ते बोलल्या, मग म्हणाल्या, "एकदम मीठ टाकू नका. दोन्हीकडून झटका बसेल. पेटीतलं पाणी उन्हानं रोज आटतं ना? एरवी त्या जागी तुम्ही साधं पाणी घालता. आता खारं घाला. हळूहळू आठवडाभरात येईल वर."

"म्हणजे एकदम ताणायचं नाही, नाहीतर शिवण उसवते," शीला म्हणाली.

कत्तरांखालचा डबा निघाला. निम्मं मीठ शाबूत होतं. शीलानं त्या पिशवीला डोळ्यांशी लावलं. मग वच्छलाबाईला जवळ बसवून तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. मीठ, काटा, ऊन, पडद्याचे पदर. म्हातारीनं सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "किती जीव हायेत?"

"अकरा."

"बरं. आता मी बघते."

दुसऱ्या दिवसापासून वच्छलाबाई स्टूल घेऊन पेटीपाशी बसली. आजारी मेंढीपाशी रात्र काढलेली बाई ती, तिला बसायचं शिकवायला नको. पडदा वेळेवर बदलायची, वाटीनं मोजून खारं पाणी घालायची, गोकुळनं डोकावलं की "सावली पाडू नको रे!" म्हणून हाकलायची. आणि संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना मोजतात, तशी हवेत बोट टोचत मोजायची. अकरा. सगळी मिटलेली, पण अकरा. आतून शीला मशीन थांबवून ऐकायची.

आठव्या दिवशी काटा हिरव्या पट्ट्यात आला. बटणं काही उघडली नाहीत. नवव्या दिवशी संध्याकाळीही नाहीत. उद्या पाडवा.

पाडव्याच्या सकाळी अजिनाथनं गुढी उभारली. साखरेची गाठी बांधली, कडुलिंब वाटला. मग आत आला आणि उगाच इकडं तिकडं करत राहिला. त्याला ती मुदत आता नकोशी झाली होती. शेवटी शीलाच म्हणाली, "बोलले ते बोलले. आणा मशीन खिडकीत."

"राहू दे की दोन दिवस."

"नको. दया नको." तिचे डोळे भरले होते. "पाच महिने मजा केली मी. लई मजा केली. आणा."

अजिनाथनं खाली मान घालून मशीनला हात घातला आणि ते कुरकुर करत ओढायला लागला. वच्छलाबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. ती स्टुलावर बसली होती, सूर्य नुकताच वर आला होता, ऊन दोन पदरांतून पाण्यात उतरत होतं आणि तिचं बोट हवेत टोचत होतं.

"थांब रे आज्या! खडखड करू नको, मोजनी चुकती." बोट पुन्हा पहिल्यापासून निघालं. "सात... आठ... नऊ... धा... अकरा..." ती थबकली. "शीले, किती सांगितले व्हते तू?"

"अकरा, आत्याबाई."

"मंग ह्यो बारावा कुनाचा?"

शीला धावली. बटणं उघडली होती. सगळी नव्हे, काही निम्मी, काही नुसती किलकिली, पण केशरी झालर सगळ्यांची दिसत होती. आणि एका मोठ्या बटणाच्या बुडाशी, त्यालाच बिलगून, ज्वारीच्या दाण्याएवढं एक नवीन. तेसुद्धा उघडलेलं.

"व्यालंय!" वच्छलाबाई अशी ओरडली की गोकुळ हातातली इस्त्री तशीच घेऊन पळत आला. "शीले, व्यालंय गं! एवढ्या हालात तुझं एक व्यालंय!"

शीलानं सासूला मिठी मारली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दोघी रडत होत्या आणि हसत होत्या, आणि म्हातारी मध्येच "सोड, सोड, काचेला धक्का लागंल" म्हणत होती. अजिनाथ मशीन अर्ध्या वाटेत धरून उभा होता. मग त्यानं घसा खाकरला, "सरका, पुढं सरका" म्हणत ते उलटं फिरवलं, कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि गुढीच्या पाया पडून मशीनवर लावायला मोठा बल्ब आणायला बाहेर पडला.

गुडघे बरे झाले तरी वच्छलाबाई अजून पिशोरला गेलेली नाही. पाण्याच्या दिवशी ती खाऱ्या बादलीवर ताट झाकून वर स्वतः बसते आणि नळावर आलेल्या बायकांना दटावते, "हिला हात लावायचा नाय. हे शिळं नाय, समुद्राचं हाय." आणि रोज दिवेलागणीला खिडकीकडून आतल्या कोपऱ्यात हाक येते, "बारा!" शीला सुई थांबवते आणि विचारते, "नीट मोजले का, आत्याबाई?" मग म्हातारी कुरकुरत पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेते.