न येणाऱ्यांची वरात

सरकारनं लग्नाला पंचवीसच माणसं ठरवून दिली, तेव्हा केवळाबाई आधी हसल्या. पंचवीस माणसं तर त्यांच्या घरी नुसता मांडव घालायला लागायची, आणि त्यातली वीस चहा पीत पीत मांडव कसा चुकलाय ते सांगायला असायची. मग त्या यादी करायला बसल्या आणि हसू मावळलं. तेरा माणसं किनवटच्या व्याह्यांची, बारा आपली. त्या बारांत नवरी धरून, भटजी धरून, आचारीही धरून.

लेकीचं, तनुजाचं, लग्न आधीच एकदा पुढं ढकललं होतं. मागच्या वर्षी मे महिन्यात पत्रिका छापून घरात पडल्या आणि टाळेबंदी लागली. यंदा दुसरी लाट आली तेव्हा व्याह्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "आता ढकलायचं न्हाई. ढकललं तर मग सोयरीकच राहू द्या." माणसं वाईट नव्हती, पण वर्षभर वाट बघून त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून काहीही झालं तरी बुधवारी अक्षता पडायच्या, हे कंधारच्या त्या घरात पक्कं झालं.

केवळाबाई घरी ब्लाउज शिवायच्या. टाळेबंदीत गिऱ्हाईक बंद, मशीन बंद. उरल्या पिशवीभर चिंध्या, रिकामी रिळं आणि रिकामे हात. रिकामे हात ही काही या बाईच्या सोसण्यातली गोष्ट नव्हे. रुखवत तर नवरीकडच्या बायकांनी हातानं करून मांडायचाच असतो. त्यांनी ठरवलं, ज्यांना लग्नाला येता येणार नाही, त्या सगळ्यांना सुपारीचं करायचं आणि रुखवतात वरात मांडायची. सुपारीचं डोकं, रिळाचं धड, चिंधीचं लुगडं नाहीतर फेटा, काजळाचे डोळे.

आणि काय एकेक सोयरा उतरला! नायगावच्या आप्पासाहेबांचा प्रत्येक लग्नात रुसण्याचा मान ठरलेला, म्हणून त्यांना वरातीकडं पाठ करून बसवलं. पंगतीतून लाडू पिशवीत घालणाऱ्या चुलतसासूबाईंच्या हातात बोटभर पिशवी दिली. तनुजा बघून हसून हसून लोळायची. महिन्याभरात सत्तेचाळीस सुपाऱ्या झाल्या. नियम एकच होता. जो येणार, त्याची सुपारी करायची नाही.

म्हणून अमृतरावांची सुपारी नव्हती. अमृतराव हे केवळाबाईंचे थोरले भाऊ, चाकूरजवळच्या खेड्यात शेती करायचे. वडील लवकर गेले. बहिणीला वाढवलं भावानं, उजवलंही त्यानंच. फोनवर सुपाऱ्यांचं ऐकून ते गरजले होते, "माझी सुपारी केलीस तर बघ! नवरीच्या पाठीमागं मामा उभा राहतो, सुपारी न्हाई. पास मिळाला तर गाडीनं येतो, न्हाई तर रानारानानं चालत येतो."

लग्नाला आठ दिवस राहिले आणि अमृतरावांना ताप भरला. पोरानं, आदिनाथनं, लातूरच्या एका दवाखान्यात नेऊन दाखल केलं. तिथूनही त्यांचा फोन यायचा, दोन शब्द बोलले की धाप लागायची, पण ऐट तीच. "सोमवारी सोडतेत मला. लग्न बुधवारी हाय की."

केवळाबाईंचे मालक किशनराव सरळ माणूस, पण जिभेला लगाम नाही. ते म्हणाले, "मामाची एक सुपारी करून ठेव. वेळ काय सांगून येती का?" केवळाबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. सुपारी करायची म्हणजे दादा येणार नाही, हे आपल्या हातानं मान्य करायचं. ते त्यांच्यानं होणार नव्हतं.

सोमवार गेला. मंगळवारी हळद लागली. बुधवारी उजाडताना केवळाबाई परसात नवरीच्या न्हाणाचं पाणी तापवत होत्या आणि फोन वाजला. आदिनाथ होता.

"आत्या, बाबा गेले."

केवळाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. का ओढलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आत्या, ऐकतीस ना? इथं आपल्या हातात काई देत न्हाईत. मला लांबून बघू देणार हायेत. तू येऊ नको. आई म्हणती, कंधारला कुणाला कळू द्यायचं न्हाई. देवक कितीला हाय?"

"आठला."

त्यांच्याकडची रीत अशी की एकदा देवक बसलं की सुतक लग्नाला अडवत नाही. त्याआधी बातमी आली तर मांडव मोडायचा. आता सहा वाजत होते.

केवळाबाईंनी भावजयीला फोन लावला. शेवंतावहिनी खेड्यात घरी एकट्याच होत्या. त्यांनी फोन उचलला. हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, हितं भिंतीला भिंत हाय. माझा आवाज निघाला की गल्ली गोळा व्हईल, अन् गल्लीतनं कंधारला फोन जायला काय उशीर? मी कडी लावून बसलेय. कुकू लावलंय, बांगड्या हायेत हातात. तुम्ही पोरगी नांदायला लावा."

"वहिनी…"

"तुमच्या दादाच्या गळ्याची आन हाय," वहिनी म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन गप्प झाल्या.

केवळाबाई आत आल्या. मशीनपाशी बसल्या आणि डब्यातून एक सुपारी काढली. करणं भागच होतं. दादा का आला नाही, असं दहा जणांनी दहा वेळा विचारलं असतं, आणि दहाव्या वेळी तोंडातून खरं निघालं असतं. रुखवतात सुपारी दिसली की कुणी विचारणार नाही. गुलाबी चिंधीचा फेटा बांधला. दादा शेमला उजव्या खांद्यावरून सोडायचा, तसाच सोडला. डोळे काढायला काजळाची काडी तीनदा उचलली आणि तीनदा खाली ठेवली. आयुष्यभर ज्यानं आपल्याकडं बापाच्या नजरेनं पाहिलं, त्याचे डोळे काजळाच्या दोन ठिपक्यांत बसवायचे होते. चौथ्यांदा त्यांनी दात आवळून ठिपके दिले.

किशनराव मागं येऊन उभे राहिले. "न्हाई का सोडलं मामाला?"

"न्हाई."

"बघ, मी म्हनलं नव्हतं?" आपला अंदाज खरा ठरला म्हणून ते जरा खुशीतच आचाऱ्याकडं गेले. केवळाबाईंना त्यांचा राग आला नाही. त्यांच्या भोळेपणाची कीव आली.

आठला देवक बसलं. साडेअकराला नवरदेव आला. मामाच्या जागी शेजारचे दुकानदार मडिवाळप्पा उभे राहणार होते, बारांतले बारावे. तनुजा बोहल्याकडं निघता निघता रुखवतापाशी थांबली. तिनं गुलाबी फेट्याची सुपारी बरोबर ओळखली, उचलली आणि मडिवाळप्पांच्या हातात दिली. "काका, हे धरा अन् माझ्या पाठीमागं उभं राहा. मामा आलेच म्हणायचं."

सगळे हसले. केवळाबाईंच्या तोंडात शब्द आला होता. नको, शुभकार्यात ते नको! गेलेलं माणूस पोरीच्या पाठीशी उभं राहत होतं आणि हे एकट्या आईला माहीत होतं. शब्द त्यांनी गिळला. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मडिवाळप्पांच्या तळहातावरच्या त्या दोन ठिपक्यांकडं बघताना त्यांना वाटलं, पोरीचं याच्याइतकं भलं चिंतणारं दुसरं कोण इथं उभं राहणार होतं? दादा आला होता. जसा जमला तसा आला होता.

अक्षता पडल्यावर तनुजानं फोटो काढून मामांच्या फोनवर पाठवला. थोड्या वेळानं ती ओरडतच आली, "आई, मामांनी बघितला! हात जोडलेले पाठवलेत, अन् 'सुखी राहा' लिहिलंय!"

फोन आदिनाथकडं होता. लातूरला कुठल्या तरी भिंतीला टेकून, बापाला लांबून बघून आलेल्या त्या पोरानं ते दोन शब्द कसे लिहिले असतील, हे केवळाबाईंनी मनात येऊ दिलं नाही. विहीणबाई हसत हसत जिलबी घेऊन आल्या आणि त्यांनी ती त्यांच्या तोंडात घातली. केवळाबाईंनी जिलबी चावून चावून खाल्ली.

दोन तासांत सगळं उरकलं. पाठवणीच्या वेळी मात्र त्यांनी स्वतःला बजावलं होतं, रडायचं नाही. लेक जाताना आई रडते, त्यात कुणाला संशय आला नसता. पण तनुजा आईचं रडणं ओळखते. एकदा सुरू झालं असतं तर ते लेकीसाठीचं नाही हे तिला कळलं असतं आणि ती गाडीत बसली नसती. म्हणून केवळाबाई खांबासारख्या उभ्या राहिल्या. तनुजा गळ्यात पडली, बाजूला झाली, आईच्या डोळ्यांकडं बघितलं.

"तू रडली पण न्हाईस, आई," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण लागलं होतं तिला.

"खुशीत हाय ग मी. जा. टायमात पोचा."

गाडी किनवटच्या वाटेला लागली. शेजारणी आपापसात म्हणाल्या, लई घट्ट काळजाची बाई. केवळाबाई आत गेल्या, दार लोटलं आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"वहिनी, पोरगी गेली सासरी."

"अक्षता नीट पडल्या?"

"पडल्या."

"मामा म्हणून कोण उभं राहिलं?"

"दादाच," केवळाबाई म्हणाल्या. "वहिनी, आता रडा."

 

"आक्का," वहिनी म्हणाल्या, "सकाळपासनं दाबून दाबून आता येईना झालंय."

तेव्हा केवळाबाईंनीच गळा काढला. फोन कानाशी तसाच धरून, भिंतीला पाठ लावून, "माझ्या दादा रं" म्हणून त्या अशा रडल्या की उरलेला मांडव सोडणारी माणसं जागच्या जागी थांबली. आणि त्या रडण्याच्या आधारानं चाकूरकडच्या बंद घरातून हळूहळू दुसरा आवाज उठला.

किशनराव धावत आत आले. "अगं, असं काय करतीस? मांडवपरतणीला येती की पोरगी परवा!"

केवळाबाईंनी फोन त्यांच्या कानाला लावला. किशनरावांनी ऐकलं. मग डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी तो खाली ठेवला आणि बायकोशेजारी जमिनीवर बसले.