उगवतीकडं तोंड

शहागडच्या पुलाच्या अलीकडं, हायवेला लागून अप्पाराव मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर चार पत्रे, आत एक वेल्डिंग मशीन आणि पुढं उघडं अंगण. अंगण उगवतीच्या बाजूला चढतं आणि मावळतीला रस्त्याच्या नालीकडं उतरतं. उतार एवढा थोडा, की नव्या माणसाला दिसायचा नाही. अप्पाराव त्यावर चाळीस वर्षं चालत होता, त्यामुळं त्यालाही तो दिसेनासा झाला होता.

त्या अंगणात भुजंगचा ट्रक उभा होता. मिलिटरीच्या लिलावातून भुजंगच्या वडिलांनी आणलेला, चारी चाकांना जोर असलेला जुना गडी. गोदाकाठच्या काळ्या रानात उसाची ट्रॉली फसली आणि दोन-दोन ट्रॅक्टर लावूनही हलेना, की लोक भुजंगच्या दारात येत. पण औंदा त्याचा गिअरबॉक्स फुटला. तसला दुसरा कुठं मिळेना. मग अप्पारावनं नव्या चालीच्या एका ट्रकचा गिअरबॉक्स बसवला. अडचण पुढं आली. गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी जी लोखंडी पेटी असते, जिला गॅरेजात ट्रान्सफर म्हणतात, ती या नव्या गिअरबॉक्सला चिकटेना. तिला वेगळं, चेसिसला टांगायचं आणि दोघांच्या मधे हातभर शाफ्ट घालायचा, एवढाच मार्ग राहिला.

"म्हंजे फारकत झाली म्हण की दादा," अप्पारावचा धाकटा भाऊ वसंता म्हणाला. भुजंगच्या ट्रकवर वसंताच ड्रायव्हर होता. "एका घरात ऱ्हायचं, पण चूल वेगळी."

"चूल वेगळी असली तरी तोंडं बराबर समोरासमोर पाहिजेत," अप्पाराव म्हणाला. "न्हाईतर रोज भांडण."

गमतीत बोलला तरी गोष्ट खरी होती. गिअरबॉक्सच्या मागं एक चकती असते, पेटीच्या पुढं एक. दोन्ही एकमेकींना समांतर पाहिजेत. एक जरा जास्त कलली की मधला शाफ्ट फिरताना हिसके खातो, हिसक्यांनी त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, तापतो, आणि तापलेला क्रॉस कधी तुटेल ते सांगता येत नाही. सपाट रस्त्यावर तुटला तर गाडी थांबते. चढावर, मागं भरलेली ट्रॉली असताना तुटला, तर इंजिनाची पकड सुटते आणि सगळं ओझं मागं येतं. आणि मागं, चाकाखाली अडसर म्हणून लावायचे उटीचे दगड घेऊन माणसं चालत असतात.

भुजंगच्या चुलतभावानं, सर्जेरावानं, आधीच सांगून ठेवलं होतं, "जालन्याला ने. अप्पारावचा एक डोळा कामातून गेलाय." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि डाव्या डोळ्यानं खरंच धूसर दिसायचं. पण भुजंग म्हणाला होता, "माझ्या बापाची गाडी ह्याच माणसानं संभाळली. त्याच्या हातूनच होईल." हे शब्द अप्पारावच्या कानावर आले होते. त्या दिवसापासून तो रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी गॅरेज उघडत होता.

माप घ्यायची त्याची रीत त्याची स्वतःची होती. गवंड्याचा ओळंबा गिअरबॉक्सच्या चकतीच्या वरच्या कडेला सोडायचा. चकती कललेली असते, म्हणून खालच्या कडेपाशी दोरी आणि लोखंड यांच्यात फट राहते. त्या फटीएवढी तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या झाडाची, काडी तोडायची. मग पेटी टांगताना तिच्या चकतीला ओळंबा लावून तीच काडी तिथं बसते का बघायचं. बसली की झालं. मोबाईलमधलं माप त्यानं कधी वापरलं नाही. काडी खोटं बोलत नाही असं तो म्हणे.

सोमवारी त्यानं काडी तोडली आणि टोपीत खोचली. तेव्हा ट्रकचं तोंड नालीकडं, मावळतीला होतं.

मंगळवारी सकाळी वेल्डिंग सुरू करणार, तोच भुजंगची आई सगुणाबाई पिशवी घेऊन आली. पंचाहत्तरीची बाई, पण चाल ताठ. ट्रककडं बघून जागीच थांबली.

"अरे भुजंगा, मावळतीकडं तोंड करून गाडीला आग लावतोस व्हय? तुझ्या बापानं कधी नांगराचा फाळ बी असा लावला न्हाई."

"आई, इथं मिस्त्री काम करून राह्यलेत, आन् तू..."

"मी काय मिस्त्रीला शिकवून राह्यले का? उगवतीकडं तोंड करा, नारळ फोडते, मंग तुमचं चालू द्या. का रे अप्पा?"

अप्पाराव नारळ-कुंकवाला हात लावत नसे. त्याच्या घरात ते तीन पिढ्यांपासून बंद होतं. पण दुसऱ्याच्या गाडीला दुसऱ्याच्या आईनं नारळ फोडला तर त्याची हरकत नसायची. तो म्हणाला, "करा काकी. तुमची गाडी आहे."

समोरच्या चहाच्या टपरीवरून दहा-बारा माणसं आली. ट्रक मागंपुढं करत, शिव्या हासडत, हसत त्यांनी फिरवला. सगुणाबाईनं चाकांना, बंपरला कुंकू लावलं, पुढच्या चाकासमोर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा अप्पारावच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला. मग गाडीखाली शिरला, टोपीतून काडी काढली आणि पेटी त्या काडीच्या मापानं टांगून वेल्डिंग केलं. काहीतरी विसरल्यासारखं वाटलं त्याला. त्यानं पान्हे मोजले. सगळे जागेवर होते.

संध्याकाळी वसंतानं ट्रक पुलापर्यंत नेऊन आणला. अप्पाराव शेजारी बसला होता. वेग जरा वाढला की सीटखालून बारीक घुंई ऐकू येत होती.

"हे काय आहे?"

"जुनी गाडी बोलणारच की मिस्त्री," मागून भुजंग म्हणाला. तो खुशीत होता. "सकाळी जल्दी निघायचं. अवकाळीनं रानाचा चिखल झालाय, पाच ट्रॉल्या फसल्यात. तोडलेला ऊस वाळून राह्यला."

अप्पाराव गप्प बसला. तपासतो म्हणालो तर सर्जेराव हसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात आलं याचीच त्याला रात्रभर लाज वाटली.

बुधवारी ट्रक गेल्यावर तो अंगण झाडायला लागला. ट्रक उभा होता तिथं एक लाल रेघ होती. नारळाचं पाणी कुंकू घेऊन वाहिलं होतं. पुढच्या चाकापासून निघून, गाडीच्या पोटाखालून, मागच्या चाकाच्याही पलीकडं, नालीच्या दिशेनं. रेघेला मुंग्या लागल्या होत्या.

अप्पाराव खराटा धरून उभा राहिला. पाणी पुढून मागं गेलं होतं. म्हणजे गाडीचं तोंड चढाला होतं. आणि सोमवारी काडी तोडली तेव्हा तेच तोंड उताराला होतं. काडी त्या उतारासकट तोडली होती. गाडी फिरली, उतार उलटा झाला, काडी तशीच राहिली. अंगणाचा कल दुप्पट होऊन पेटीत शिरला होता.

डोळ्यानं दगा दिला नव्हता. काडीनंही नाही. गाडी फिरवल्यावर दुसरी काडी तोडायची असते, एवढंच तो विसरला होता.

त्यानं मोटारसायकलला किक मारली.

रान चार कोसही नव्हतं, पण नदीच्या वाटेनं चिखल. पोचला तेव्हा दोन ट्रॉल्या वर निघाल्या होत्या आणि तिसरी चढाच्या पायथ्याला ट्रकला जोडून तयार होती. तोडणीची टोळी कडेला उभी होती. दोन बाया आणि एक म्हातारा उटीचे दगड उचलून ट्रॉलीमागं निघाले होते. भुजंगनं लांबूनच हात केला.

"या मिस्त्री! तुमची फारकत चांगली नांदून राह्यली!"

"भुजंगराव, गाडी थांबवा."

"थांबलेलीच आहे."

"म्हंजे ओढू नका. माझ्या हातनं चूक झाली. पेटी वाकडी बसली."

भुजंगला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याचं तोंड उतरलं.

"दोन ट्रॉल्या काढल्या की ह्याच पेटीनं."

अप्पाराव चिखलात उताणा होऊन गाडीखाली गेला. मधल्या शाफ्टच्या क्रॉसवर त्यानं बोटं ठेवली आणि झटक्यानं काढली. "या, हात लावून बघा."

भुजंग वाकला, हात घातला, आणि शिवी देऊन मागं घेतला.

"जुन्या गाडीचं सगळंच तापतं," सर्जेराव बांधावरून म्हणाला. "तीनच ऱ्हायल्यात. ओढू दे रे. वाळलेल्या उसाचं वजन मिस्त्री भरून देणार का?"

भुजंग एकदा उसाकडं बघे, एकदा चढाकडं. "वसंता, हळूहळू घे. पहिल्या गिअरवर."

अप्पाराव उठला. ट्रॉलीमागं गेला, म्हाताऱ्याच्या हातातला दगड काढून घेतला आणि बायांना बाजूला व्हायला सांगितलं.

"घ्या मंग. उटी मी लावतो."

वसंतानं आरशात बघितलं. चिखलानं भरलेला थोरला भाऊ ट्रॉलीच्या चाकामागं दगड धरून उभा होता. वसंतानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चावी भुजंगच्या हातात दिली.

"तुम्ही चालवा मालक. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

मग भुजंगनंच ट्रॉलीची पिन काढली. काढताना त्यानं ती चिखलात आपटली.

"अशी कशी चूक झाली पण?" तो ओरडला. "तुम्ही म्हंजे... अशी कशी?"

उत्तर अप्पारावच्या जिभेवर होतं. गाडी फिरवली म्हणून. पण ते टोळीसमोर, सर्जेरावासमोर म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी पोचल्या असत्या. एक, म्हातारीच्या नारळापायी ऊस वाळला. आणि दुसरी, अप्पारावला आमच्या देवाधर्माचं पहिल्यापासून वावडं. काडीची गोष्ट कुणी ऐकली नसती. आणि खरं बघता काकीनं गाडी फिरवायला सांगितली होती, काडी जुनीच ठेव असं कुठं सांगितलं होतं?

"डोळा," सर्जेराव म्हणाला. "मी तव्हाच म्हणलं होतं. डोळा गेलाय."

अप्पारावनं दगड खाली ठेवला. "व्हय," तो म्हणाला. "दिसलं न्हाई मला."

ट्रक रिकामा, पावलाच्या चालीनं गॅरेजला परत आला. राहिलेल्या तीन ट्रॉल्यांचा ऊस दोन दिवस रानातच राहिला. ज्या माणसाचा ट्रॅक्टर गुरुवारी गॅरेजात दुरुस्तीला यायचा होता तो आला नाही. तो हायवेनं सरळ पुढं गेला. जाताना त्यानं हॉर्न दिला, मान मात्र वळवली नाही.

शुक्रवारी अप्पारावनं जुनं वेल्डिंग कापलं. भुजंग आला होता, पण खाटेवर बसून राहिला, जवळ आला नाही. तेवढ्यात सगुणाबाई पिशवी घेऊन आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं नुसती गाडी बघितली.

"परत मावळतीला तोंड? म्हणूनच बिघडलं बघ अप्पा. देवाची गोष्ट अर्ध्यात सोडू न्हाई."

वसंता पान्हा खाली ठेवून पुढं आला. त्याला अप्पारावनं घरी सगळं सांगितलं होतं. तो तोंड उघडणार, तोच अप्पारावनं त्याच्याकडं बघितलं.

"बराबर आहे काकी. फिरवू आधी."

माणसं यावेळी चारच आली. ट्रक फिरायला वेळ लागला. नारळ फुटला, पाणी पुढून मागं वाहत गेलं. अप्पारावनं खोबरं खाल्लं, हात पुसले आणि नवी तुराटी घेतली. गाडीखाली शिरून त्यानं ओळंबा सोडला, तो थांबेपर्यंत वाट बघितली आणि काडी तोडली. फटीत धरली. बसल्यासारखी वाटली. डाव्या डोळ्याला एका दोरीच्या दोन दिसत होत्या.

चाळीस वर्षांत त्यानं जे कुणाला म्हटलं नव्हतं ते तो म्हणाला.

"वसंता, आत ये जरा. काडी बसली का, तू बघून सांग."