टकळी फिरवा, मामंजी

आमच्यात सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नाही. नऊ वर्षांत मामंजींशी मी एक शब्दही बोलले नव्हते. गेल्या दिवाळीत त्यांना झटका आला. हात, पाय, जीभ, सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना आता काही कळत नाही. मग काय, अंग पुसताना, नळीतून पेज घालताना मी भडाभडा बोलायला लागले. स्वभाव मुळातच तिखट, त्यात अडवणारं कुणी नाही. परवा चादर बदलताना तर मी म्हणाले, “तुमच्यापायी माझी नर्सिंगची परीक्षा बुडली. सुटा आता एकदाचं, मलाबी सोडवा.”

आज मिरजेत एका अभ्यासासाठी त्यांना मोठ्या मशिनीत घातलं. हात हलवायचा नुसता विचार केला तरी मेंदूच्या ठराविक भागात रक्त जास्त धावतं आणि पडद्यावर तिथं लाल उमटतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मग माइकवरून त्या म्हणाल्या, “आजोबा, मूठ आवळताय अशी कल्पना करा.”

काहीच उमटलं नाही.

“त्यास्नी टकळी फिरवाय सांगा,” मी म्हणाले. जन्मभर मेंढरांमागं चालता चालता त्यांनी टकळीवर लोकर कातलेली.

बाईंनी तसं सांगितलं. थोड्या वेळानं पडदा लाल झाला. थांबा म्हटल्यावर विझला. पुन्हा सांगितलं, पुन्हा लाल.

“यांना सगळं कळतंय,” बाई म्हणाल्या. “कदाचित पहिल्यापासून.”

माझा नवरा राजवर्धन ढसाढसा रडायला लागला. माझ्या मनात आलं, सगळं? परवाचंसुद्धा?

बाईंनी मामंजींना सांगितलं, उत्तर ‘हो’ असेल तर टकळी फिरवायची, ‘नाही’ असेल तर स्वस्थ पडायचं. राजवर्धननं हौसेनं माइक घेतला. “आबा, आपल्या घरीच ऱ्हायचं न्हवं?”

पडदा काळाच. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा काळाच.

“मग इस्लामपूरला, सोनियाकडं जायचं?” सोनिया माझी नणंद.

पडदा लाल झाला.

“अंजना, तू एवढं केलंस, आन् आबा असं का म्हंत्यात गं?” राजवर्धननं मला विचारलं.

का ते मला एकटीलाच माहीत होतं. पण रागानं जात होते, की मला परीक्षेला मोकळं करायला? मी पदर सावरून माइक घेतला.

“मामंजी, माझ्यावर राग हाय का?”

आम्ही वाट पाहिली. पडदा काळाच राहिला.

“म्हंजी राग न्हाई?” मी बाईंना विचारलं.

“नाही म्हणत असतील, किंवा दमून झोपलेही असतील. एवढ्यावरून सांगता येत नाही.” त्यांनी मशीन बंद केलं.

मामंजींना बाहेर आणलं. डोळे उघडे, छताला लागलेले. राजवर्धन गाडी बघायला गेला आणि आम्ही दोघंच राहिलो. माफी मागायची होती. पण ते ऐकतायत हे आता मला ठाऊक होतं, आणि पहिल्या नऊ वर्षांसारखा माझ्या तोंडून शब्द फुटेना.