लिफ्टला गोड चालत नाही

बाईंच्या मुलांसाठी गोष्टी लिहायच्या वर्गात नियम एकच होता, पण कडक. ज्याची गोष्ट वाचली जाणार, त्यानं खोलीबाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं आणि जिन्यात बसायचं. आत शेजारच्या शाळेतली मुलं जमिनीवर बसत, आमच्यातलाच दुसरा कुणीतरी गोष्ट वाचे, आणि बाई कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसून मुलांचे पाय बघत.

"तोंडं काय, शाळेत शिकवलेली असतात," त्या म्हणायच्या. "'आवडली का?' विचारलं की 'हो' म्हणून मोकळी होतात. पाय खोटं बोलत नाहीत. पाय हलले की समजायचं, गोष्ट तिथेच मेली. आणि लेखक समोर असला ना, की मुलं त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून तुम्ही बाहेर."

हा काही हौशी मंडळींचा वर्ग नव्हता. निदान एक पुस्तक छापून आलेल्यांनाच बाई घेत, तेही मोजक्यांना. माझं एक आलं होतं, ससे आणि ढग वगैरे. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, माझ्यासुद्धा. बाईंची पुस्तकं मात्र मी आणि दादानं लहानपणी पार चिंध्या होईपर्यंत वाचलेली. त्यांनी मला वर्गात घेतलं त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

मी जी गोष्ट घेऊन गेले ती दादाची होती. आम्ही वाढलो त्या इमारतीत एक जुनाट लिफ्ट आहे, सरकत्या जाळीच्या दाराची. तिसऱ्या मजल्यावर ती कधी कधी गचका देते. मी लहान असताना त्या गचक्याला इतकी घाबरायचे की जिन्यानं जायचे. मग दादानं एक दिवस जाहीर केलं, की लिफ्ट वाईट नाही, भुकेली आहे. तिला दाराच्या फटीत खाऱ्या बिस्किटाचा तुकडा द्यायचा. गोड द्यायचं नाही, गोडानं तिला उचकी लागते. झालं, माझी भीती पळाली. शेजारपाजारची पोरंही खाऊ घालायला लागली, आणि झाडूवाल्यानं दादाला चांगलंच फैलावर घेतलं.

दादा गेला तेव्हा त्याची मुलगी अगदीच लहान होती. मग वहिनी आणि ती माझ्याकडेच, त्याच इमारतीत राहायला आल्या. पोरीला आम्ही ठिणगी म्हणतो, का ते तिच्याशी दोन वाक्यं बोललात की कळेल. बापाचा आवाज तिला आठवत नाही. आजारपणाच्या आठवणी मी काढत नाही. तिच्या वाट्याला जो बाप आला तो सगळा त्या लिफ्टमध्ये आहे. खिशात खाऱ्या बिस्किटाचा तुकडा असल्याशिवाय ती शाळेला निघत नाही, आणि लिफ्टनं गचका दिलाच तर कंबरेवर हात ठेवून विचारते, "कुणी गोड दिलं हिला?" तिला मी सांगितलं होतं, की हे मी रचलेलं नाही, हे तुझ्या बाबांचं आहे, अगदी खरं.

बाईंनी ती गोष्ट आधी एकटीनं वाचली आणि चष्मा काढून खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग मुलांसमोर वाचायचा दिवस आला. वाचायला मास्तर होते. निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत, म्हणून आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो. मी जिन्यात बसले. आतून हूं का चूं नाही.

बाई बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. "पाय हलले गं," त्या हळूच म्हणाल्या. "सुरुवातीपासूनच. हे तुझं दुःख आहे, मुलांची गोष्ट नाही. याला पुन्हा हात लावू नकोस. माझं ऐक."

मी ऐकलं. डोळे झाकून ऐकलं. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि वर त्यांचे आभार मानले. हो, आभार! आता आठवलं की अंगाची लाही लाही होते. मग मी एका हट्टी छत्रीची गोष्ट लिहिली. छत्री बाईंना फार आवडली. छत्रीवर माझं वर्ष निघालं.

पुढच्या वर्षी बाईंच्या नव्या पुस्तकाच्या प्रकाशनाचं बोलावणं आलं. 'मुलांना घेऊन या' असं फोनवर त्यांनी स्वतः सांगितलं. मी ठिणगीला नवा फ्रॉक घालून घेऊन गेले. सभागृह भरलेलं, खुर्च्या संपलेल्या, म्हणून मीही मुलांबरोबर पुढे सतरंजीवर बसले. बाई व्यासपीठावर आल्या, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागल्या. एका मुलाच्या इमारतीत एक लिफ्ट होती, आणि ती फार भुकेली होती.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. मी तर जमिनीवरच बसले होते, तरी सरकली. पहिलं वाक्य ऐकून वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या पानावर दाराची फट आली. तिसऱ्यावर झाडूवाला आला, त्याच शिव्या घेऊन. मला काय सुचलं असेल? बाईंनी शिकवलेलंच. मी पाय बघितले. माझ्या आजूबाजूला मोजे, सँडल, सुटलेल्या नाड्या, एक प्लास्टर घातलेला पाय. एकही हलत नव्हता. त्या दिवशी बंद दाराआड काय झालं असेल, ते मला आत्ता, त्या सतरंजीवर दिसलं. बाईंनी केसानं गळा कापला होता, आणि दार मीच ओढून घेतलं होतं.

"आणि लिफ्टला सगळ्यात जास्त काय आवडायचं?" बाईंनी पुस्तकातून वर बघत विचारलं. "क्रीमचं गोड गोड बिस्कीट!"

"चूक!" ठिणगी ताडकन उभी राहिली. "गोड नाही, खारं! गोड दिलं की तिला उचकी लागते!"

सभागृहात हशा पिकला. बाईही हसल्या, पण त्यांची नजर ठिणगीवरून सरकत माझ्यावर येऊन थांबली. "तुला कुणी सांगितलं गं हे?"

"आत्यानं. ही गोष्ट माझ्या बाबांची आहे."

हशा थांबला. बाईंनी चष्मा काढला, सावकाश पुसला. मला वाटलं, आता बोलतील. निदान काहीतरी अर्धंमुर्धं खरं. त्यांच्या पुस्तकांवर मोठी झालेली मी, एवढं तर त्या मला देतील.

"तुझी आत्या माझी विद्यार्थिनी," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "वर्गात मी कितीतरी गोष्टी सांगते. त्यातली ही तिनं तुझ्यासाठी घरी नेली, आणि तुझ्या बाबांच्या नावानं सांगितली. किती प्रेम असेल बघ." मग सगळ्यांकडे वळून, "गोष्टी अशाच तर पसरतात!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवली. ठिणगी उभीच होती आणि माझ्याकडे बघत होती. माईक हाताच्या अंतरावर होता. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून पहिला शब्द आला तो "बाई". इतक्या दिवसांची सवय. त्या एका शब्दातच माझं सगळं बळ संपलं, आणि मी ठिणगीचा हात धरून तिला खाली बसवलं.

बाहेर दाराशी मास्तर भेटले. नजरेला नजर देईनात. "त्या दिवशी पाय हलले नव्हते," ते म्हणाले. "एकाही मुलाचा नाही. मला वाटलं, बाईंना दिसलं असेल काहीतरी, आपल्याला काय कळतंय." त्यांना धारेवर धरायला माझ्याकडे तोंड कुठे होतं?

घरापर्यंत ठिणगी गप्प. तिच्या गप्प बसण्याचा मला सराव नाही, म्हणून धडकी भरली. लिफ्टमध्ये शिरल्यावर तिचा हात खिशाकडे गेला नाही.

"आत्या, बाबा खरंच हिला बिस्कीट द्यायचे?"

"खरंच गं. शप्पथ."

"मग तू तिथे बोलली का नाहीस?" ती म्हणाली. "माझं खरं असलं की मी बोलते."

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं गचका दिला. ठिणगीनं नुसती जाळी घट्ट धरली.

वहिनी अजून कामावरून आली नव्हती. मी ठिणगीला पलंगावर बसवलं, स्वतः समोर खाली बसले आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. जशी दादानं मला सांगितली होती तशी, त्याचे आवाज काढून, झाडूवाल्याची नक्कल करून. जीव ओतून सांगितली. इतकी चांगली मी ती कधीच सांगितली नसेन. हातची जाऊ द्यायची नव्हती मला. गोष्ट बाईंनी नेली तर नेली, छापून घेतली तर घेतली. पण हिचा बाप हिच्याकडून जाता कामा नये, एवढंच माझ्या मनात होतं.

दादानं पहिलं बिस्कीट मोडलं तिथे मी आले, आणि माझी नजर खाली गेली. पलंगावरून लोंबणारा ठिणगीचा उजवा पाय हलत होता. मग डावाही हलायला लागला. या गोष्टीला तिचे पाय हललेले मी आजवर पाहिले नव्हते. जिन्यात बसवून बाईंनी मला जे खोटं सांगितलं होतं, ते त्यांनी आज खरं करून दाखवलं.

मी तरीही शेवटपर्यंत सांगितली.

"आवडली का?" मी विचारलं.

"हो," ठिणगी म्हणाली. मग पलंगावरून उतरली, खिशातलं बिस्कीट काढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन परत डब्यात ठेवून आली.